डावीकडून एकवीस

शनिवारी सकाळी साडेसात वाजता तिने केमिस्टबाईंच्या थोबाडीत मारली. मुद्दाम मारली असं नाही, पण आवाज तसाच झाला, आणि चष्मा उडून फरशीवरून घसरत पार आरशाच्या भिंतीपर्यंत गेला. सोळा माणसं संथपणे उजवीकडे वळत होती आणि ती एकटी तितक्याच संथपणे डावीकडे निघाली होती. ताई चीमध्ये, त्या चिनी व्यायामात, कोणालाच घाई नसते, म्हणजे टक्करसुद्धा सावकाश व्हायला हवी होती, तशी ती झाली नाही. गेले सात महिने ती हॉलच्या मागच्या कोपऱ्यात एका जाडजूड खांबाच्या आड उभी राहत आली होती. त्या दिवशी कोणाच्या तरी सभेच्या खुर्च्या नेमक्या तिथे रचून ठेवलेल्या, म्हणून नाइलाजाने ती रांगेत आली. रांगेत यायचं नाही हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. काठी टेकत आलेल्या बाईकडे लोक ज्या कौतुकाने बघतात, त्या कौतुकाची तिला चीड यायची. काठी सुटून तीन महिने झाले तरी खांब काही तिने सोडला नव्हता.

शिकवणारा निवृत्त पोस्टमन होता. सबंध आयुष्य पत्रं वाटण्यात गेल्यामुळे त्याने सगळ्या हालचालींचं बारसं आपल्या धंद्यावरून केलं होतं. दोन्ही तळवे पुढे ढकलायचे ती 'फाटक उघडा', एक गुडघा वर घेऊन पाऊल अलगद पुढे टेकवायचं ते 'कुत्र्याला लांब ठेवा', आणि शेवटची, हात छातीपासून खाली सोडायची, 'पिशवी रिकामी'. अशा एकूण एकवीस, आणि त्या सलग केल्या की झाला 'फॉर्म'. त्याआधी दहा मिनिटं ची कुंग, म्हणजे पोटाशी मोठं कलिंगड धरल्यासारखे हात करून नुसतं उभं राहायचं आणि श्वास टाचेपर्यंत न्यायचा. श्वास टाचेपर्यंत जात नसतो हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण गेल्यासारखं वाटायचं आणि बरं वाटायचं, त्यामुळे तिने वाद घातला नव्हता. शिकवताना पोस्टमन चष्मा काढून खिडकीत ठेवायचा. त्या शनिवारी त्याने तो उचलून घातला, केमिस्टबाईंची क्षमा मागितली, जणू हात त्याचाच लागला होता, आणि तिला म्हणाला, "बाई, जरा एकट्या करून दाखवता?" सोळा जणांसमोर तिने सात हालचाली केल्या. आठवीला त्याने हात वर केला. "तुमचं सगळंच उलटं आहे हो," तो हळूच म्हणाला. "उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं. एकसुद्धा चूक नाही, पण सगळं उलटं." मग इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून आणखी हळू, "आता हे सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून. तोवर फॉर्म बंद. नुसतं उभं राहा, श्वास घ्या." कोणीतरी हसलं. वाईट वाटून घेण्यासारखं ते हसू नव्हतं, तरी तिला वाईट वाटलं. जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला नाही, आणि खाली आल्यावर लक्षात आलं, की काठी सुटल्यापासून आज पहिल्यांदाच लावावासा वाटला होता.

रस्त्यात शनिवारची वर्दळ होती. दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस पाइपने फुटपाथ धूत होता आणि ती ओल्या फरशांवरून चालत होती. गेल्या वर्षी याच ओल्या फरशांचा तिला धसका बसला होता, आणि तो कुठल्या महिन्यात गेला ते तिला सांगता आलं नसतं. परवा सोमवारी तपासणी होती. त्या तपासणीवर तिचं घर होतं. म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, बावन्न पायऱ्या. नवरा गेल्यानंतरची अकरा वर्षं ती तिथे एकटी राहत होती आणि एकटेपणाने मरत नव्हती, ही गोष्ट तिच्या मुलाच्या पचनी पडत नव्हती. मग ती स्टुलावरून पडली. वरच्या फळीवरचा डबा काढताना डाव्या खुब्याचं हाड मोडलं, आणि दोन तास ती स्वयंपाकघराच्या फरशीवर गालाने गारवा मोजत पडून होती. शेजारच्या बाई दूध मागायला आल्या तेव्हा कुठे कोणाला कळलं. हॉस्पिटलच्या बाकावर मुलगा रडला होता, चाळिशी उलटलेला माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून. त्या रडण्याचं ओझं तिच्या पायात घातलेल्या लोखंडी सळीपेक्षा जड होतं. तो दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं! पण तो चांगला होता, सूनबाई चांगली होती, त्यांच्या घरात तिच्यासाठी रंगवून ठेवलेली खोलीसुद्धा चांगली होती, पश्चिमेच्या खिडकीची. तीन आठवड्यांपूर्वी बोलाचाली होऊन शेवटी दोघांत ठरलं होतं. सोमवारी फिजिओथेरपिस्टसमोर एका पायावर उभं राहायचं, आधाराशिवाय, दोन्ही पायांवर दहा-दहा सेकंद. जमलं तर ती तिच्या घरी. नाही जमलं, तर महिनाअखेर पश्चिमेची खिडकी. "दहाच?" तिने तेव्हा तोऱ्यात विचारलं होतं.

आता तो तोरा कुठे होता कोण जाणे. घरी येऊन तिने बूट काढले आणि काढलेल्या बुटांकडे बघत बसली. डावा डावीकडे होता, उजवा उजवीकडे. हे तपासून बघावंसं वाटलं याचीच तिला भीती वाटली. तिच्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. ताई एकदा उलट्या पायांत चपला घालून आली, सगळे हसले, ताईही हसली. पुढच्या वर्षी तिने गॅसवर रिकामं पातेलं ठेवून ते तासभर ढवळलं. त्याच्या पुढच्या वर्षी ताईने धाकट्या बहिणीला विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" तेव्हापासून तिला वाटायचं, की ही गोष्ट पायांपासून चढते. आधी पायांना दिशा कळेनाशी होते, मग हातांना, मग तोंडाला. सात महिने! एखाददुसरा दिवस माणूस चुकेल. सात महिने रोज सकाळी, मन लावून, एकवीसच्या एकवीस उलट्या करणाऱ्या बाईला काय म्हणावं? संध्याकाळपर्यंत ती हे चघळत राहिली. भाजी चिरताना सुरी कुठल्या हातात आहे ते तिने दोनदा पाहिलं.

रविवारी सकाळी मुलगा आला. बेल वाजवायच्या आधीच तो आल्याचं कळायचं, कारण इतका मोठा झाला तरी पायऱ्या तो मोजत चढायचा. लहानपणी मोठ्याने मोजायचा, आणि मध्ये कोणी बोललं की पुन्हा खाली जाऊन पहिलीपासून. शाळेतून यायला त्याला त्यामुळे कधी कधी अर्धा तास उशीर व्हायचा. आता नुसते ओठ हलायचे, पण प्रत्येक पायरीवर पाऊल ठासून पडायचं. त्याच्या हातात तिच्या गोळ्यांची पिशवी होती, म्हणजे केमिस्टबाईंच्या दुकानावरूनच तो आला होता. तिने चहा ठेवला.

"आई, तुला डावं-उजवं कळेनासं झालंय का?"

"कोण म्हणालं?"

"केमिस्टबाई. चष्मा मोडला त्यांचा."

"मोडला नाही. काडी वाकली. ती मी सरळ करून दिली."

"तसं नाही गं. सात महिने उलटं करत होतीस आणि तुला कळलं नाही, असं म्हणाल्या त्या." तो कपाकडे बघत बोलत होता. वाईट बातमी सांगायची त्याची पद्धत लहानपणापासून हीच. "मावशीचं असंच सुरू झालं होतं."

आपण कालपासून जे तोंडातल्या तोंडात चघळत होतो, ते दुसऱ्याने टेबलावर काढून ठेवलं की किती वेगळं दिसतं! तिला राग आला. भीती होतीच, पण रागाने त्या भीतीला मागे ढकललं. "तुझ्या मावशीला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखत होते," ती म्हणाली. "आणि माझं डोकं तपासायचं नाही असं आपलं ठरलंय. पाय तपासायचे ठरलंय."

"उद्या रद्द करू या का? पडलीस बिडलीस तर..." तो अडखळला. "खोली तयारच आहे. परीक्षा कशाला हवी? आपण काय परके आहोत?"

"उद्या दहा वाजता," ती म्हणाली. "साडेनऊला ये. आणि चहा पिऊन टाक, साय धरतेय."

तो गेल्यावर तिने स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला सरकवलं. दुपारची उन्हं फरशीवर आली होती, बरोबर त्याच जागी जिथे ती दोन तास पडून होती. त्या जागेवर ती रोज उभी राहायची, मुद्दाम. पोस्टमनने फॉर्म बंद करायला सांगितला होता, म्हणून तिने आधी नुसता श्वास घेतला, पोटाशी कलिंगड धरून. मग म्हटलं, बघू तरी, सरळ कसं लागतं ते. तिने पहिल्यांदाच उजवीकडून सुरुवात केली. 'फाटक उघडा' जमलं. 'कुत्र्याला लांब ठेवा'ला डावा गुडघा वर घेतला, सगळा भार उजव्या, धडधाकट पायावर आला, आणि ती डगमगली. घोटा थरथरला, टेबलाची कड धरावी लागली. पुन्हा केलं, पुन्हा थरथरला. चांगला पाय, न मोडलेला, सळी नसलेला, आणि तो नवख्यासारखा कापत होता. मग ती थांबली, खिडकीकडे तोंड केलं, आणि डोळे मिटून आपलं नेहमीचं, उलटं केलं. भार डाव्यात उतरला. सळीपाशी एक जुनी, ओळखीची कळ उठली, टाचेने फरशी घट्ट धरली, उजवा गुडघा आपोआप वर आला, आणि ती उभी राहिली. नळातून थेंब पडत होते. ती थेंब मोजत राहिली आणि मोजता मोजता तिला हसू फुटलं, कारण आपल्याला काय झालंय ते तिला कळलं होतं.

एकतीस वर्षं तिने छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाची अक्षरं, प्रत्येक आरशातल्यासारखं उलटं, खणांतून उचलायची आणि डाव्या हातातल्या पट्टीत ओळीने बसवायची. उलटं बसवलं तरच कागदावर सुलटं उमटतं. पहिल्या दिवशी फोरमन म्हणाला होता, "बायकांना हे झेपत नाही, आठ दिवसांत चक्कर येते." नवव्या दिवशी तिने त्याच्या टेबलावर एक जुळवलेली ओळ ठेवली, आणि ती वाचायला त्याला मान वाकडी करावी लागली नाही, कारण तोही त्याच धंद्यातला होता. ओळीत एवढंच होतं: आज नववा दिवस. पुढे तिला उलटं हे उलटं दिसेनासंच झालं. डोळे उलटं बघायचे, डोकं सुलटं करायचं, मध्ये तिला कोणी विचारत नसे. छापखाना बंद झाल्यावरही बसच्या काचेत उलटी उमटलेली दुकानाची पाटी ती फिरवूनच वाचायची आणि नवरा म्हणायचा, सुट्टी दे गं त्या डोक्याला.

आणि हॉलमध्ये पुढच्या भिंतीवर भिंतभर आरसा होता. पोस्टमन वर्गाकडे पाठ करून, आरशाकडे तोंड करून उभा राहायचा. बाकीचे सगळे त्याची पाठ बघायचे, त्याने उजवा हात उचलला की उजवा उचलायचे. तिला खांबामुळे त्याची पाठ कधी दिसलीच नाही. तिला दिसायचा तो आरशातला पोस्टमन, तिच्याकडे तोंड करून उभा असलेला, आणि त्या समोरच्या माणसाचा वर गेलेला हात असायचा डावा. दुसऱ्या कोणी काही विचार न करता आरशात ज्या बाजूचा हात हलतो त्याच बाजूचा आपला हलवला असता. तिने मात्र समोरच्याचा डावा बघून आपलाही डावा उचलला, गुमान, सवयीने, सात महिने. म्हणजे डोकं कुठे गेलं नव्हतं. डोकं कामावर हजर होतं, निवृत्तीची तारीख उलटून गेली तरी वेळेवर येत होतं आणि कोणी सांगितलं नाही तरी आपला गठ्ठा उपसत होतं. "ताई," ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली, "मी अजून इथेच आहे गं." मग तिचे डोळे भरून आले. ताईला हे सांगता येत नव्हतं म्हणून, आणि स्वतःची सुटका झाली म्हणूनही. दुसऱ्या कारणाची तिला लाज वाटली, पण तेही खरंच होतं.

मग तिला पोस्टमनचा गुडघा आठवला. शनिवारी सगळे गेल्यावर तो खुर्चीवर बसून डावा गुडघा चोळत होता आणि तिला बरं वाटावं म्हणून आपलीच कथा सांगत होता. त्याच्या गुरूने शिकवलेल्या हालचाली होत्या एकशे आठ, दोन्ही पायांना सारखं काम. तीस वर्षं सायकल याच डाव्या पायावर टेकवून टेकवून त्याचा गुडघा झिजला होता. म्हणून वर्गासाठी त्याने त्यातल्या एकवीस निवडल्या त्या डाव्याला सुट्टी मिळेल अशा. सगळा भार उजव्यावर. "मास्तर स्वार्थी आहे बाई," असं म्हणून तो हसला होता. तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. आता ती फरशीवर उभी राहून त्याचा अर्थ लावत होती. त्याने डाव्याला दिलेली सुट्टी तिच्या उजव्याने खाल्ली होती, आणि सगळं काम मोडक्या डाव्याने केलं होतं. मुलगा ज्या पायाला उठता-बसता 'तो पाय' म्हणायचा, नाव घ्यायलाही घाबरायचा, सूनबाई जो उशीवर ठेवायला लावायची, तोच रोज सकाळी तिला उचलून धरत आला होता. आणि हे पुसायचं? पहिल्यापासून? तिने आयुष्यात एकच गोष्ट धडपणे उलटी केली होती आणि तिच्यावर पोट भरलं होतं. मुळीच पुसणार नाही. वर्गात वाटलं तर रांगेच्या टोकाला उभी राहीन, कोणाच्या गालाला लागणार नाही इतकं अंतर ठेवीन, पण करीन ते माझंच. त्या दुपारी तिने एकवीस हालचाली डावीकडून तीनदा केल्या. मग उजव्या पायाला, त्या आयतोबाला, कपाटाशी उभं करून संध्याकाळपर्यंत राबवलं. तो कुरकुरला. सहा वाजता चार सेकंद झाले, सात वाजता सात. झोपायच्या आधी नऊ.

सोमवारी तपासणीच्या खोलीत औषधाचा वास होता आणि भिंतीवर मणक्याचं चित्र. फिजिओथेरपिस्ट कोवळी पोरगी होती, हसरी, प्रत्येकीला आजी म्हणणारी. मुलाने नव्या बुटांची जोडी आणली होती, रबरी तळाची, न घसरणारी. तिने बूट काढले, मोजेही काढले. "अनवाणी बरं," ती म्हणाली. पोरीने वेळ मोजायचं घड्याळ मुलाच्या हातात दिलं, कारण तिला स्वतःला आजींच्या शेजारी उभं राहायचं होतं. "आधी चांगल्या पायावर हं, आजी."

ती उजव्यावर उभी राहिली. मुलगा मोजू लागला. चारला घोटा थरथरला, सहाला हात पंखांसारखे बाजूला गेले, आठला पोरीची बोटं तिच्या कोपराखाली आली आणि तिने डोळ्यांनी ती मागे सारली. फरशी एका बाजूला कलली आहे असं वाटत होतं. तिने श्वास टाचेपर्यंत नेला, जातो की नाही ही चौकशी न करता. "नऊ," मुलगा म्हणाला. तिचं डावं पाऊल खाली येऊ बघत होतं, कागदाच्या जाडीइतकं अंतर उरलं होतं. "दहा." पाऊल आपटलं. तिच्या कपाळावर घाम होता. मुलाने घड्याळ खाली केलं, आणि त्याचा चेहरा बघून तिला कळलं की तो आनंदला नव्हता, घाबरला होता. चांगल्या पायाची ही गत, तर आता 'त्या' पायाचं काय! "आई, पुरे," तो म्हणाला. "एवढं केलंस ना, पुरे झालं. मी काही बोलणार नाही, पण आता नको." तो पुढे आला आणि दोन्ही हात तिच्या काखेपाशी धरून उभा राहिला, हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा उठवताना धरले होते तसे.

"हात काढ," ती म्हणाली.

"आई..."

"हात काढ. मागे हो. घड्याळ घे."

तो मागे झाला. तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मणक्याच्या चित्राच्या काचेत तिची स्वतःची आकृती दिसत होती, आणि तिने भार डावीकडे ओतला. कळ उठली. ये, ती मनात म्हणाली, तुझीच वाट बघत होते. उजवा गुडघा वर आला, हात पोटाशी गोल झाले, आणि खोलीतलं सगळं जागच्या जागी बसलं. "एक," मुलगा म्हणाला. "दोन. तीन." पाचपर्यंत त्याचा आवाज धावत होता. मग सावकाश झाला. सातला फिजिओथेरपिस्टने तिच्या पायाकडे पाहिलं, खुब्याकडे पाहिलं, मग वळून टेबलावरची फाईल उघडली. पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. "ऑपरेशन डाव्याचंच ना?" तिने विचारलं.

"दहा," मुलगा म्हणाला आणि थांबला.

खोलीत काही हललं नाही, तीही नाही. काचेतली बाईसुद्धा एका पायावर होती. तिचा पाय कुठला, हे तिने पहिल्यांदाच फिरवून बघितलं नाही.

"झालं आजी!" पोरगी म्हणाली. "पास! ठेवा आता खाली."

तिने पाय खाली ठेवला नाही. आपण किती वेळ उभ्या राहू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणी सांगावं असंही तिला वाटत नव्हतं.

"थांबलास का?" ती मुलाला म्हणाली. "मोज. नाहीतर पुन्हा पहिलीपासून मोजावं लागेल."

त्याने घड्याळ खिशात टाकलं. तो तिच्या डाव्या पायाकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच नजर चुकवत नव्हता.

"अकरा," तो म्हणाला.